केराचा धनी कोण?

टाकून दिलेली वस्तू आपली राहत नाही, असा आपणा सर्वांचा समज असतो. आमच्या कोंकणीत ज्याला ‘कोयर’ म्हणतात, तो केर एकदा उंबरठ्याबाहेर गेला की आपले कर्तव्य संपले! मीही तसेच मानीत असे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी शिक्षकखोलीतील एका तसबिरीची काच माझ्या हातून फुटली. तुकडे गोळा करून मी ते रद्दीच्या टोपलीत टाकले व तासाला निघून गेलो. सायंकाळी टोपली रिकामी करताना झाडलोट करणाऱ्या मावशींचा तळहात चिरला. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परंतु ते तुकडे जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ एवढी दोन अक्षरे लिहावयास मला कितीसा वेळ लागला असता?

हीच चूक विद्येच्या मोठ्या मंदिरातही घडली आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक यंत्र १९८५ पासून वापरावाचून पडून होते. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. २०१० साली ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात फोडले गेले. किरणोत्सर्गाने कित्येकांना बाधा झाली. एकाचा प्राण गेला. असल्या पदार्थाची विल्हेवाट अधिकृत परवानगीवाचून लावू नये, असा नियम १९८७ पासून होता. तो पाळला गेला नाही.

कोणी म्हणेल, केर पाहणे हे केर उचलणाऱ्याचेच काम नव्हे काय? मला तसे वाटत नाही. वस्तूत काय आहे हे ती वापरणाऱ्याला ठाऊक असते. उचलणाऱ्याला ते कोण सांगणार? म्हणून सांगण्याचे कर्तव्य देणाऱ्याचेच होय.

आपल्या शाळेतही फुटक्या परीक्षानळ्या, पारा असलेले नळीदिवे, निकामी बॅटऱ्या व जुने संगणक निघतातच. त्यांसाठी निरनिराळी खोकी असावीत व प्रत्येकावर आतील वस्तूचे नाव ठळक लिहावे. उरलेली आम्ले मोरीत ओतू नयेत. जुनी विद्युत उपकरणे दोन पैसे अधिक देणाऱ्या भंगारवाल्याकडे न जाता नोंदणीकृत केंद्राकडे जावीत, हाच १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नियमांचा हेतू आहे.

विद्यार्थिमित्रहो, खोक्यांवरील ती नावे तुमच्याच सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असावीत, अशी माझी इच्छा आहे. ती वाचून एखादा हात वेळीच सावरेल.