खालच्या आकाशात कोण उडते आहे?

२७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या हवाई दल तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकण्यात आली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २५ ऑगस्टला, केंद्र सरकारने नवे ड्रोन नियम जारी केले. ते आधीच्यांपेक्षा कडक नव्हते, उलट बरेच सैल होते. निर्णय योग्यच होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मणिपूरमधील लोकताक सरोवराच्या करांग बेटावर ड्रोनने लस पोहोचली. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणीही ड्रोननेच होते. एका हल्ल्याच्या धास्तीने हे सारे अडवून ठेवण्यात शहाणपण नव्हते.

मात्र त्या नियमांत एक महत्त्वाची गोष्ट भविष्यावर सोपवली गेली. उडणाऱ्या ड्रोनने आपले स्थान क्षणोक्षणी कळवत राहावे, यासाठीचा बीकन हा ‘पुढे अधिसूचित करता येतील’ अशा सुरक्षा-सोयींत गेला. अधिसूचनेनंतरही पालनासाठी किमान सहा महिन्यांची मुदत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडण्यास परवानगी लागत नाही. ‘डिजिटल स्काय’वरील क्षेत्रांचा नकाशा कोठे उडावे एवढेच सांगतो. या घटकेला कोण उडते आहे, हा प्रश्नच वेगळा.

आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला नेमके तेच हवे असते. मिरवणुकीवर घिरट्या घालणारे यंत्र छायाचित्रकाराचे, महसूल खात्याचे की घातपात्याचे, हे खालून बघून कळत नाही. विमानतळाच्या रडारवर विसंबण्यातही अर्थ नाही. रडारची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. १२० मीटर उंचीवरची वस्तू अगदी सपाट भूभागावरही सुमारे ४५ किलोमीटरच्या पलीकडे पृथ्वीच्या वक्रतेआड जाते. शहरात इमारती आणि डोंगराळ मुलखात कडे तिला त्याहून पुष्कळ आधी झाकतात. शिवाय मूठभर प्लास्टिकचे यंत्र आणि घार यांत रडारला फारसा फरक दिसत नाही.

मग उरतो जॅमर, आणि खरेदीच्या चर्चेत तोच अग्रभागी असतो. पण जॅमरला आपपर कळत नाही. ज्या लहरी तो दाबतो, त्यांवरच शोधकार्यातले ड्रोनही चालतात. २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीनंतर हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणि गाडलेल्यांचा माग काढणारे ड्रोन या दोहोंचीही गरज पडली. अशा अरुंद दरीत आंधळेपणाने लहरी दाबणे म्हणजे आपल्याच पथकाचे डोळे बांधणे.

बीकन प्रामाणिक माणूसच लावील, घातपाती कशाला लावतो, हा आक्षेप हमखास घेतला जातो. गाडीच्या नंबरपाटीलाही तो लागू पडतो. तरी पाटी नसलेली गाडी नाक्यावर चटकन नजरेत भरते ती इतरांना पाटी असते म्हणूनच. शंभरांतले नव्वद ड्रोन स्वतःची ओळख सांगू लागले, तर संशय उरलेल्या दहांपुरता आकसतो.

अमेरिकेने ही सक्ती केली, पण छंदासाठी उडवल्या जाणाऱ्या २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनना वगळले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसचा वणवा विझवणाऱ्या विमानाला छंदासाठी उडवलेलाच एक ड्रोन धडकला. पंखाला भोक पडले आणि आग धुमसत असताना विमान जमिनीवर उतरवून ठेवावे लागले. भारतातही २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला वैमानिकाच्या प्रमाणपत्राची सूट आहे. बीकनच्या वेळी ती सूट डोळे मिटून पुढे चालवू नये.

खरा वाद मात्र माहिती कोणाच्या हाती जावी, याचा आहे. बीकन ड्रोनबरोबर तो उडवणाऱ्याचाही ठावठिकाणा सांगू शकतो. आंदोलनाचे चित्रण करणाऱ्या पत्रकाराला ही गोष्ट क्षुल्लक नाही. म्हणून या क्षणाचे चित्र ११२ च्या नियंत्रण कक्षाला, अग्निशमन दलाला आणि हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला विनाविलंब मिळावे. मालकाचे नाव आणि जुन्या उड्डाणांची नोंद मात्र लेखी कारणाशिवाय उघडू नये, आणि कोणी उघडली याचीही नोंद राहावी. सध्याच्या नियमांत बीकनसाठी जागा आहेच. अधिसूचना काढताना ही दुसरी अट त्याच कागदावर यायला हवी, नंतरच्या परिपत्रकात नव्हे.