'छोरी 2'चं गाव हिंदी पट्ट्यातलं, मग तिची भीती लातूर-नांदेडला ओळखीची का वाटते?

भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग आला की सोशल मीडियावर एक प्रश्न हमखास येतो: पहिला जास्त भारी होता ना? 11 एप्रिल 2025 ला ॲमेझॉन प्राइमवर 'छोरी 2' आला तेव्हाही हेच झालं. पण या मालिकेचा खरा 'पहिला भाग' हिंदी नाही, मराठी आहे.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' जुलै 2017 मध्ये थिएटरमध्ये लागला. गरोदर नेहा (पूजा सावंत) नवऱ्यासोबत उसाच्या रानातल्या एका घरात राहायला येते. घरात तुळसाबाई (उषा नाईक) आहे आणि फडात लहान मुलांचे आवाज आहेत. लातूर-नांदेडच्या प्रेक्षकाला हा फड समजावून सांगावा लागत नाही. मांजरा कारखान्याचा परिसर असो की अर्धापूरकडचा भाऊराव चव्हाण कारखान्याचा, वाढलेल्या उसात दोन पावलांवरचा माणूस दिसत नाही. त्यासाठी व्हीएफएक्स लागत नाही.

सिनेमातलं भूत जन्मलं ते मुली मारण्याच्या प्रथेतून. हा विषय कल्पनेतला नव्हता. 2011 च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे फक्त 807 मुली होत्या.

फुरियांनीच 2021 मध्ये याचा हिंदी रिमेक 'छोरी' केला. नेहाची साक्षी (नुसरत भरुचा) झाली आणि गाव हिंदी पट्ट्यात गेलं. ऊस मात्र सोबत गेला.

दुसऱ्या भागात काय बिघडलं?

भुताचं गुपित पहिल्या भागातच उघडं पडतं, ही हॉररच्या सीक्वेलची मुख्य अडचण. मग दिग्दर्शक आकार वाढवतात. 'छोरी 2' फडातून जमिनीखालच्या भुयारांत उतरतो, दासी माँ (सोहा अली खान) येते, नियम आणि विधी वाढतात. साक्षीची मुलगी आता सात वर्षांची आहे. सिनेमा लांबतो आणि भीती पातळ होते. अंधारातलं भुयार कुठलंही असू शकतं. 'लपाछपी'तलं घर कुठलंही नव्हतं.

गंमत म्हणजे दुसऱ्या भागाचा विषय मराठवाड्याच्या आणखी जवळचा आहे: बालविवाह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी 18 वर्षांआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे 22 टक्के होतं. परभणीत ते 48 टक्के आणि बीडमध्ये जवळपास 44 टक्के होतं.

याचा धागा पुन्हा उसालाच जोडलेला आहे. बीडसोबतच नांदेडच्या मुखेड, कंधार भागातूनही कुटुंबं ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका 'कोयत्या'ला. पाच-सहा महिने आईबाप फडावर असताना वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवायची भीती असते. शिवाय लग्न लावलं की नवा कोयता तयार. या व्यवहारात दासी माँची गरज पडत नाही, आणि सिनेमाने सगळा दोष एका गूढ पंथावर ढकलला इथेच तो सोपा झाला.

मग गाव हिंदी केल्याशिवाय सिनेमा चालत नाही का?

तसा समज दिसतो. लातूरच्या रितेश देशमुखचा 'काकुडा' (2024) आदित्य सरपोतदारांनी केला. नट आणि दिग्दर्शक दोघे मराठी, गाव उत्तर प्रदेशातलं. पण त्याच वर्षी त्याच सरपोतदारांच्या 'मुंज्या'ने कोकणातली गोष्ट सांगून 100 कोटींच्या वर कमाई केली. 2018 चा 'तुंबाड' सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. 'स्त्री 2'ने तर देशात 500 कोटींचा टप्पा ओलांडला, पण त्यात विनोदाचा आधार मोठा आहे. 'छोरी' हसवत नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

'तुंबाड'च्या दुसऱ्या भागाची घोषणा झाली आहे. 'लपाछपी'चा मराठी दुसरा भाग मात्र आलेला नाही.