टाकाऊ कोण ठरवतो?

दिवाळी जवळ आली की दुकानांवर ‘जुना द्या, नवा घ्या’चे फलक लागतात. त्याच सुमारास गृहसंस्थांच्या सूचनाफलकांवर दुसरे आवाहन झळकते : कचरा कमी करा, वापरण्याजोग्या वस्तू फेकू नका, गरजूंना द्या. दोन्ही आवाहने एकाच घरासाठी असतात आणि त्या घराला त्यांत काही विसंगती वाटत नाही. नव्या फ्रिजला जागा व्हावी म्हणून जुना दान करायचा, हा व्यवहार वरून परोपकाराचा दिसला तरी आतून तो विक्रीचाच विस्तार असतो.

जुनी वस्तू वापरणे, विकत घेणे, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु आपल्या चळवळीतील अनेक जाणती मंडळी हा प्रश्न भरल्या पोटाच्या लोकांचा छंद म्हणून उडवून लावतात. त्यांचे म्हणणे असे की, लोक जुन्यावरच भागवू लागले तर कारखाने थंडावतील आणि कामगार रस्त्यावर येईल. यामागचा कळवळा खरा आहे. युक्तिवाद मात्र कामगारांचा नाही. १९३२ साली, महामंदी ऐन भरात असताना, न्यूयॉर्कच्या बर्नार्ड लंडन नावाच्या एका मालमत्ता-दलालाने पुस्तिका काढून तो मांडला होता. लोक मोटारी, रेडिओ, कपडे गरजेपेक्षा जास्त दिवस वापरतात, म्हणून मंदी हटत नाही. तेव्हा सरकारने प्रत्येक वस्तूचे आयुष्य ठरवून द्यावे, मुदत संपलेली वस्तू नष्ट करावी आणि ती पुढेही वापरणाऱ्यावर कर बसवावा, अशी त्याची योजना होती. सरकारने ती स्वीकारली नाही. भांडवलदारांना तिची वाट पाहण्याचे कारणच नव्हते. १९२४ साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले होते, आणि ज्या कारखान्याचा दिवा जास्त टिकेल त्याला दंड होत असे. टिकाऊ माल केल्याबद्दल दंड! ज्यांना मुक्त स्पर्धेचे गोडवे ऐकण्याची सवय आहे त्यांनी हा करार अवश्य ध्यानात ठेवावा.

रोजगाराच्या दृष्टीनेही हा युक्तिवाद टिकत नाही. नवे यंत्र बनवण्यात भांडवलाचा वाटा मोठा व माणसाचा दिवसेंदिवस कमी. उलट मिक्सरची जळालेली मोटर पुन्हा वाइंड करणे, भांड्याला कल्हई लावणे, गादीचा कापूस पिंजून ती पुन्हा भरणे, ही सारी हाताची कामे. ती कंटेनरमधून आयात करता येत नाहीत. पण आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात लोखंडी कपाट कारखान्यातून निघाले की एकदा मोजले जाते; पुढे ते तीन घरे फिरून तीस वर्षे उपयोगी पडले तरी खात्यावर फार तर दलालाची कमाई चढते. जे मोजले जात नाही त्याचे धोरणही होत नाही.

बोहारणीचेच पाहा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारोदार फिरते, चार साड्या आणि दोन पँटींवर एका पातेल्याचा सौदा तास तास करते. गृहिणीला वाटते, ही लुबाडते. ते कपडे निवडणे, धुणे, उसवलेले शिवणे, इस्त्री करून बाजारात मांडणे, ही तिच्या घरादाराची मजुरी त्या सौद्यात धरलेली आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. ‘पुनर्वापर’ हा शब्द शहरात अवतरण्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई तो करीत आली आहे. आज कचरा कमी करण्याचे आवाहन ज्या भिंतीवर लागते, तिच्याच फाटकावर पाटी असते : फेरीवाल्यांना सक्त मनाई. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फिरत्या विक्रेत्यालाही उपजीविकेचे संरक्षण दिले. पण त्या कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत बोहारणीसाठी किंवा जुन्या बाजारासाठी कोण भांडले?

सरकारचा कल कोणीकडे आहे हे करांवरून कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वातानुकूलन यंत्रे, मोठे दूरचित्रवाणी संच व भांडी धुण्याची यंत्रे यांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तेच यंत्र बिघडले आणि कंपनीच्या केंद्रात दुरुस्तीला नेले, तर त्या सेवेवरही १८ टक्के. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने २०२२ साली समिती नेमली, त्याच वर्षी संकेतस्थळही उघडले. कंपन्यांना त्याची फारशी धास्ती वाटल्याचे दिसत नाही. फ्रान्सने ठरवून वस्तू अल्पायुषी करणे २०१५ साली गुन्हा ठरवला, आणि २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्रावर ते कितपत दुरुस्त होऊ शकते याचा गुणांक छापणे सक्तीचे केले. फ्रान्स काही समाजवादी राष्ट्र नव्हे.

पुण्यात १९९३ साली कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत उभी राहिली. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्त्रियांसाठी दया मागितली नाही. त्या कामगार आहेत एवढेच ठणकावून सांगितले, आणि महापालिकेला त्यांना ओळखपत्रे द्यावी लागली. दुरुस्तीवाले, बोहारणी, जुन्या फर्निचरचे विक्रेते यांच्याबाबत ते काम अजून सुरूही झालेले नाही. जुन्या वस्तू गोळा करण्याची शिबिरे भरवणाऱ्या शाखांनी ती खुशाल भरवावीत. पण कुंभारवेशीच्या जुन्या बाजारात बुधवारी वा रविवारी जाऊन तेथील विक्रेत्यांची यादी करावी, जागेचा, पाण्याचा, हप्त्याचा प्रश्न विचारावा, आणि सुटे भाग किमान दहा वर्षे पुरवण्याचे बंधन कंपन्यांवर घाला ही मागणी त्यांच्याच सह्यांनी मंत्रालयात न्यावी.