सही राष्ट्रपतींची, सल्ला कुणाचा?



बाईवरच्या अत्याचाराची एखादी मोठी घटना घडली की आपण निवेदन लिहायला बसतो. मायना बहुधा ठरलेला : 'मा. राष्ट्रपती, नवी दिल्ली'. देशाच्या सर्वोच्च पदापर्यंत आवाज पोचला की न्याय मिळेल, ही त्यामागची भावना. भावना खोटी नाही, पण पत्ता अपुरा आहे.

राज्यघटनेच्या कलम ५३ प्रमाणे केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या हाती आहे. पण कलम ७४ म्हणते की त्यांना साहाय्य आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल. हा सल्ला बंधनकारक आहे, असे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने स्पष्टच लिहिले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली : राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला, तर मात्र मानावाच लागतो. या दुरुस्तीमागे आणीबाणीचा अनुभव होता. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी पंतप्रधानांच्या शब्दावर सही केली. मंत्रिमंडळाची संमती घेतली गेली दुसऱ्या दिवशी सकाळी!

याचा बाईच्या जगण्याशी काय संबंध? २०१३ साल आठवून पाहा. दिल्लीतील सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने २३ जानेवारीला अहवाल दिला. लग्नांतर्गत बलात्काराला दिलेली सूट काढा, अशी त्यात शिफारस होती. फाशीची शिफारस नव्हती. सरकारने घाईघाईने वटहुकूम काढला. त्यात फाशी आली आणि नवऱ्यांची सूट तशीच राहिली. सही करू नका, अशी विनंती स्त्री संघटनांनी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांना केली. ३ फेब्रुवारीला सही झाली. संसदेचे अधिवेशन २१ फेब्रुवारीला सुरू व्हायचे होते. अठरा दिवस थांबायची तयारी नव्हती.

पण गोष्ट तिथे संपली नाही. वटहुकुमाने 'बलात्कार' हा शब्दच काढून टाकला होता आणि आरोपी स्त्री किंवा पुरुष कुणीही असू शकेल अशी भाषा वापरली होती. संघटनांनी मंत्र्यांना, खासदारांना, संसदीय समितीला गाठले. मार्चमध्ये संसदेने कायदा केला तेव्हा 'बलात्कार' हा शब्द परत आला आणि आरोपी पुरुषच राहिला. राष्ट्रपती भवनाच्या दारात जे मिळाले नाही, त्यातले काही सल्लागारांच्या आणि संसदेच्या दारात मिळाले. नवऱ्यांची सूट मात्र हलली नाही.

दयेच्या अर्जाचेही असेच आहे. कलम ७२ प्रमाणे फाशी माफ करण्याचा अधिकार राष्ट्रपतींचा; पण मत बनते गृहखात्याच्या फायलीत. बालहत्यांच्या खटल्यातील कोल्हापूरच्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. त्यांचे दयेचे अर्ज फेटाळले गेले २०१४ मध्ये. या दिरंगाईमुळेच मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा भयंकर होता, यात वाद नाही. पण फाशीच्या छायेत वर्षानुवर्षे ठेवण्याचा अधिकार कुणा कारकुनाला किंवा मंत्र्याला कुणी दिला?

'त्या खुर्चीवर बाई बसली की चित्र बदलेल', असे आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू. दोन्ही वेळी आनंद झाला, तो रास्तच होता. पण २५ डिसेंबर २०२३ ला भारतीय न्याय संहितेवर राष्ट्रपती मुर्मूंची सही झाली आणि नवऱ्यांची ती जुनी सूट नव्या कायद्यातही कायम राहिली. खुर्चीवर कोण आहे याइतकेच तिच्यापुढे कागद कोण ठेवते हेही महत्त्वाचे.

मग राष्ट्रपती निव्वळ शिक्का आहेत का? तसेही नाही. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला परत पाठवला आणि सरकारने तो मागे घेतला. 'पुन्हा विचार करा' हे तीन शब्दही किती मोठे असू शकतात! स्त्रियांच्या प्रश्नावर हे शब्द ऐकू यावेत, एवढी मागणी आपण नक्कीच करू शकतो.

म्हणून यापुढे निवेदनाचा मायना लांबवू या. राष्ट्रपतींना लिहू, पण 'न्याय द्या' असे मोघम नको. 'अमुक कलमावर मंत्रिमंडळाला फेरविचार करायला सांगा' असे नेमके लिहू. त्याच दिवशी तीच प्रत पंतप्रधान, गृहमंत्री, कायदामंत्री आणि आपल्या भागातील खासदाराच्या हाती देऊ, पोच घेऊ आणि उत्तर मागू. सल्ला बंद दाराआड दिला जातो. पण सल्ला देणारे पाच वर्षांनी आपल्याच दारात मत मागायला येतात, हे विसरून कसे चालेल?