कागदावरचे विमान

ज्या पंखाने एके काळी ब्रिटनच्या विमान-कारखान्यांना घाम फोडला, तोच पंख घरच्या टेबलावर प्रतिकृती बांधणाऱ्यालाही घाम फोडतो. आर. जे. मिचेल यांच्या ‘स्पिटफायर’ या लढाऊ विमानाने ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उड्डाण केले. त्याचा पंख लंबवर्तुळाकार. साहजिकच एका बाजूच्या कोणत्याही दोन फासळ्या सारख्या नसतात. आराखडा फळीवर पसरून, त्यावर पारदर्शक कागद अंथरून, बाल्सा लाकडाची प्रत्येक फासळी निराळी कापावी लागते. फोमचे तयार रेडिओ-नियंत्रित विमान मात्र पेटीतून काढले की तासाभरात उडते. मग हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. आराखड्याबरहुकूम केलेले काम म्हणजे नुसती नक्कल, हे त्यामागील गृहीत आहे, आणि ते चूक आहे.

नक्कल येथे चालतच नाही. विमान आठपट लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. सुमारे ११ मीटरांचा पंखविस्तार १.४ मीटरवर आणला की पंखाची निमुळती टोके फारच अरुंद होतात. वेग जरा उतरताच विमान उचलून धरणारा जोर तेथे सर्वांआधी ढासळतो आणि विमान एका पंखावर कलंडून जमिनीकडे झेपावते. म्हणून टोकाकडचा पंख मुळाकडच्यापेक्षा किंचित कमी कोनात बसवावा लागतो. किती अंश, हे आराखड्यावर छापलेले असते. का, हे बहुधा पहिल्या अपघातानंतर कळते. शिवाय स्पिटफायरचे नाक आखूड. मूळ विमानात तेथे जड मर्लिन इंजिन होते, प्रतिकृतीतील मोटर हलकी. गुरुत्वमध्य जागेवर आणण्यासाठी मग नाकात शिसे भरावे लागते आणि शेपटीत हलगर्जीपणाने वाढलेल्या एका ग्रॅमची भरपाई पुढे काही ग्रॅमांनी करावी लागते. महिनोन् महिने वजन घटवायचे आणि शेवटी शिसे भरायचे! शाळेत पाठ केलेला तरफेचा नियम येथे हाताला कळतो.

लाकडी विमानाला पोरखेळ मानणाऱ्यांनी बंगलोर आठवावे. कुर्ट टांक यांच्या नेतृत्वाखाली ‘मारुत’ची आखणी झाली, तेव्हा जेट विमानाआधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बांधून १९५९ मध्ये उडवून पाहण्यात आले. खरे ‘मारुत’ उडाले ते १७ जून १९६१ रोजी.

युद्धविमानच का, हा आक्षेप मात्र सहज झटकण्यासारखा नाही. मुलांना त्या आकाराची ओढ असते, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. १९४० च्या उन्हाळ्यात त्याच विमानांत अनेक तरुण होरपळून मेले, हेही शिक्षकाने त्याच टेबलाशी सांगावे.

केवळ शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना २०२१ च्या ड्रोन नियमांनी प्रकार-प्रमाणपत्राची अट ठेवली नाही. या सवलतीचा उपयोग शाळांनी तयार ड्रोन विकत घेण्यापुरताच केला, तर ती वाया गेली असे म्हणावे लागेल. तयार यंत्रातील स्वयंचलित तोल सांभाळणारी योजना उडविणाऱ्याची चूक झाकते. वाकडी चिकटविलेली फासळी ती चूक दाखविते. बाल्सा महाग पडते, ही अडचण खरी. पण एका आराखड्यावर दहा विद्यार्थी काम करू शकतात. फासळ्या तेवढ्या असतातच.