प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास

झाशी जिल्ह्यातील गुरसराय या गावाची जहागिरी पूर्वी खेर या मराठी घराण्याकडे होती. त्याच आडनावाचे गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे पानिपतच्या मोहिमेत अब्दालीची रसद तोडण्याचे काम होते. डिसेंबर १७६० मध्ये शत्रूची तुकडी अचानक चालून आली व पंत मारले गेले. शत्रू कोठून व केव्हा येईल, याची वेळेवर खबर नसणे किती महाग पडते, हे या प्रसंगातून उमगते.

खेळाच्या मैदानावर प्राण पणाला लागत नाहीत. परंतु तेथेही प्रतिस्पर्ध्याविषयीचे अज्ञान पराभवाला निमंत्रण देते. व्हॉलीबॉलमध्ये तर विचाराला फार थोडा अवधी मिळतो. जाळीवरून येणारा चेंडू क्षणार्धात जमिनीवर आदळतो. तो कोणत्या दिशेने येईल, याचा अंदाज आधीच बांधलेला असावा लागतो. म्हणूनच प्रतिस्पर्धी संघाच्या सामन्यांचे चित्रण पाहणे हा सरावाचाच भाग मानला पाहिजे.

काहींना यात लबाडी वाटते. हा आक्षेप योग्य नाही. सामना सर्वांसमक्ष खेळला जातो. त्यात चोरण्यासारखे काही नसते. उलट, ज्याचा खेळ बारकाईने पाहावासा वाटतो, त्याचा तो सन्मानच होय. मात्र बंदिस्त सरावाचे चोरून चित्रण करणे सर्वथा अनुचित आहे.

केवळ पाहणे म्हणजे अभ्यास नव्हे. चित्रण पाहताना मनात प्रश्न हवेत. सर्व्हिस घेताना कोणता खेळाडू गडबडतो? पास बिघडला की सेटर चेंडू कोणाकडे देतो? गुण बरोबरीत असताना स्मॅश कोणत्या कोपऱ्यात जातो? खेळाडूंच्या जागा फिरत राहतात व त्यातून सहा रचना होतात. त्यांपैकी कोणत्या रचनेत संघ दुबळा पडतो? उत्तरे वहीत नोंदवावीत व त्यांतील दोन-तीनच मैदानावर न्यावीत. डोक्यात शंभर सूचना असलेल्या खेळाडूचे पाय जागीच खिळतात.

या अभ्यासालाही मर्यादा आहे. प्रशिक्षक अरी सेलिंजर यांनी अमेरिकेच्या महिला संघासाठी चित्रफिती व संगणक यांचा उपयोग केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या संघाने साखळी सामन्यात चीनला हरवले. पण अंतिम सामन्यात त्याच चीनने त्यांना ३-० असे नमवले आणि त्यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. प्रतिस्पर्धी म्हणजे मैदानात रोवलेला खांब नव्हे. तोही शिकतो, तोही बदलतो. कालचे चित्रण आजच्या सामन्याची हमी देत नाही.

पूर्वी अशी साधने मोठ्या संघांनाच परवडत. आता साध्या मोबाइलवर सामना टिपता येतो. गुरसरायसारख्या लहान गावातील संघाला महागडे प्रशिक्षण मिळेलच असे नाही. पण एक फोन, एक वही आणि पाहण्याची शिस्त एवढे भांडवल त्याला जमवता येईल. त्याच चित्रणात स्वतःच्या चुकाही दिसतात. दुसऱ्याचे दोष पाहण्यास उत्सुक असलेले डोळे आपल्या दोषांकडेही तितक्याच प्रामाणिकपणे वळले, तरच हा अभ्यास सफल होईल.