डोपामाइन हे सुख नव्हे, ओढ आहे

आरोग्यविषयक लेखांत आणि व्याख्यानांत एक सूत्र हमखास ऐकू येते: डोपामाइन म्हणजे मेंदूतले सुखाचे रसायन; समागमात ते स्रवते, म्हणून प्राणी समागमाच्या मागे लागतात. हे सूत्र चूक आहे आणि ही चूक निरुपद्रवी नाही.

पूर्वपक्ष निराधार आहे असे मात्र नव्हे. 1954 साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा सौम्य झटका मिळे, आणि त्यासाठी उंदीर पुन्हापुन्हा कळ दाबत. या वर्तनात डोपामाइनचा मोठा वाटा असल्याचे पुढे दिसले. 1982 मध्ये रॉय वाइज यांनी मांडले की डोपामाइन अडवले तर सुखच हरपते. 1997 मध्ये व्हँकुव्हरच्या संशोधकांनी समागमाच्या वेळी नर उंदराच्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स या भागात डोपामाइन वाढते हे मोजून दाखवले. नर तृप्त झाला की ते ओसरले. नवी मादी आली की पुन्हा चढले. मग डोपामाइनलाच सुख म्हटले तर बिघडले कुठे?

पहिली अडचण याच प्रयोगात आहे. मादी जाळीपलीकडे होती, स्पर्शही झाला नव्हता, तेव्हाच डोपामाइन वाढू लागले होते. समागमात ते आणखी वाढले हे खरे; पण जे सुखाच्या आधीच हजर होते, त्याला सुख कसे म्हणावे?

दुसरी अडचण याहून मोठी. ज्या पिंजऱ्यात वीर्यस्खलन झाले, तो पिंजरा नर उंदीर पुढे पसंत करतो. 1990 मध्ये ऑग्मो आणि बेरेनफेल्ड यांनी डोपामाइन अडवणारे पिमोझाइड दिले, तरी ही पसंती टिकली. मेंदूतल्या अफूसदृश द्रव्यांना अडवणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा ती नाहीशी झाली. साखरेचेही तसेच. मिशिगनच्या बेरिज आणि रॉबिन्सन यांनी ज्या उंदरांचे डोपामाइन जवळजवळ संपवले, ते आपण होऊन अन्नाकडे जात नसत. पण जिभेवर साखर पडली की पूर्वीसारखेच ओठ चाटत. खुद्द वाइज यांनीही पुढे आपले मत सोडले.

मग डोपामाइन करते काय? ते प्राण्याला प्राप्तीच्या दिशेने उठवते. केंब्रिजमध्ये बॅरी एव्हरिट यांनी नर उंदरांना मादीपर्यंत पोचण्यासाठी कळ दाबायला शिकवले. मेंदूतल्या मीडियल प्रीऑप्टिक भागाला इजा केल्यावर हे नर समागम करू शकेनात, पण मादीसाठी कळ दाबतच राहिले. उलट, डोपामाइनचा प्रभाव वाढवणारे अ‍ॅम्फेटामिन मेंदूच्या व्हेंट्रल स्ट्रायटम या भागात सोडल्यावर कळ दाबणे वाढले. कृती आणि ओढ यांचे मार्ग वेगळे आहेत, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

डोपामाइन आंधळेपणाने काम करते असेही नाही. वृषण काढलेल्या नराच्या प्रीऑप्टिक भागात मादीसमोर डोपामाइनची नेहमीची वाढ होत नाही, हे इलेन हल यांनी दाखवले. म्हणजे टेस्टोस्टेरोनची संमती लागते. मादीचा पुरावा तर निर्णायक आहे. 1995 मध्ये मर्मेलस्टाइन आणि बेकर यांना आढळले की समागमाची गती मादीच्या ताब्यात असेल तेव्हा तिच्या मेंदूत डोपामाइन अधिक वाढते. ताबा नसेल तेव्हा तितके नाही. नुसत्या समागमाला डोपामाइन उत्तर देत नाही. त्या प्राण्यासाठी त्या क्षणी त्याचे मोल काय, याला देते.

कोणी म्हणेल, हे शब्दांचा कीस काढणे झाले. तसे नाही. पार्किन्सनच्या काही रुग्णांत डोपामाइनसारखे काम करणाऱ्या औषधांमुळे कामेच्छा अनावर होते. डोपामाइन म्हणजे सुख असे धरले, तर हा रुग्ण चैन करतो आहे असा निष्कर्ष निघतो आणि घरचे त्याच्या चारित्र्याला दोष देतात. ते ओढ आहे हे कळले, तर दिसते की तो न पेलणाऱ्या रेट्याखाली आहे, आणि औषधात डॉक्टरांनी केलेला बदल त्याला बाहेर काढू शकतो. म्हणून असे औषध सुरू करतानाच या परिणामाची कल्पना रुग्णाला आणि कुटुंबाला दिली पाहिजे. डोपामाइनला सुखाचे रसायन म्हणणे आता थांबवावे. त्याची किंमत माणसांना आपल्या अब्रूने मोजावी लागते.